शेजारची जागा

"आजी, बीपी आहे?"

"नाही."

"शुगर?"

"नाही."

"मणक्याचं, हार्टचं काही ऑपरेशन?"

"नाही गं बाई. सगळं जागच्या जागी आहे."

पिवळी टोपी घातलेल्या त्या मुलीने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं आणि मग माझ्यामागे उभ्या असलेल्या माझ्या मुलाकडे, निरंजनकडे पाहिलं. बीपीची गोळी मी सकाळीच चहाबरोबर घेतली होती, तेव्हा पहिलं उत्तर अगदीच खोटं नव्हतं.

"पदर घट्ट खोचा," ती म्हणाली. "वर गेल्यावर चपला काढून ठेवायच्या. चला पुढे."

"आई, अजून विचार कर," निरंजन म्हणाला. "तू मंडपात बस. आम्ही एक फेरी मारून येतोच."

"मंडपात काय आहे?"

"सावली आहे."

"सावली घरीही होती," मी म्हणाले आणि रांगेत शिरले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कोल्हापूरच्या रस्त्याला मौजनगरी नावाची बाग होती. पाण्याच्या घसरगुंड्या आणि आकाशपाळणा तिथे आधीपासून होता. त्या जानेवारीत रोलरकोस्टर आला. नाव ठेवलं होतं 'वावटळ'. सांगलीत महिनाभर रिक्षांच्या पाठीवर त्याचीच चित्रं होती. उद्घाटनाचे पास आम्हाला भरतेश चौगुलेने आणून दिले. भरतेश म्हणजे निरंजनचा शाळेपासूनचा दोस्त. बागेतल्या दिव्यांचं आणि वायरिंगचं काम त्याच्याकडे होतं.

निरंजन अमेरिकेतून, मिनेसोटाहून दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आला होता. एकटाच. सून केतकी नव्या नोकरीमुळे येऊ शकली नाही, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. हे गेल्यानंतर, म्हणजे चार वर्षांनी, तो पहिल्यांदाच घरी आला होता आणि मी त्याच्याशी काय काय बोलायचं याची मनात जमवाजमव करून ठेवली होती. पण घरात बोलणं काही होईना. सकाळी तो उशिरा उठे. उठला की कोणीतरी भेटायला आलेलं असे. कोणी नसलं तर त्याचा फोन असे. जेवताना मी समोर बसले की तो ताटात बघून आमटीचं कौतुक करी. तीच आमटी मी तीस वर्षं करत होते, त्याने तिचं नाव कधी काढलं नव्हतं. पाहुण्यासारखा वागत होता. ताट स्वतः घासून पालथं घालायचा. त्याच्या निळ्या शर्टाचं एक बटण पांढऱ्या दोऱ्याने, वेड्यावाकड्या टाक्यांनी लावलेलं मला दिसलं. मी म्हटलं, "दे, नीट लावून देते." तर म्हणाला, "असू दे गं, चालतं."

सोमवारी त्याला निघायचं होतं. शनिवारी भरतेश पास घेऊन आला तेव्हा निरंजन लहान पोरासारखा उठून उभा राहिला. "जायचं! उद्या जायचंच!"

मी आतून पाणी घेऊन येत होते. तिथल्या तिथे म्हणाले, "मी पण येते."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा कधी बसले नव्हते. नोकरी एस.टी.च्या आरक्षण खिडकीवर केली. जगाला तिकिटं दिली, आपण फारशी कुठे गेले नाही.

"बसा की मावशी," भरतेश म्हणाला. "लई मजा येती. आठ दिवस वाळूची पोती बसवून फिरवलंय त्यांनी. एकबी पोतं पडलं नाही."

रविवारी दुपारी आम्ही पोचलो. भरतेशची बायको पद्मश्री आणि दोन मुली बरोबर होत्या. मंडपात सनई चालली होती. पाहुणे आमदार यायला वेळ लागला, पण आल्यावर काम चटकन उरकलं. पहिल्या डब्याच्या नाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, लिंबू-मिरच्या बांधल्या. मालकांनी पहिल्या फेरीत बसायचा आग्रह केला तेव्हा आमदार हात जोडून म्हणाले, "आमचं रोजच वरखाली चाललेलं असतंय, आजच्या दिवस राहू द्या." सगळा मंडप हसला. निरंजन सगळ्यांत जास्त हसला. इतकं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

रांग पत्र्याच्या छपराखाली नागमोडी वळत गेली होती. निरंजनने भरतेशच्या धाकटीला खांद्यावर घेतलं, थोरलीला कोडी घातली, पुढच्या कॉलेजच्या पोरांशी गप्पा मारल्या. मला वाटलं होतं, रांगेत तरी बोलता येईल.

"तू आल्यापासून केतकीचा फोन नाही आला रे," मी म्हणाले.

"तिकडे रात्र असते ना आई."

"दिवसही असतोच की कधीतरी."

"मजेत आहे ती," तो म्हणाला, आणि खांद्यावरच्या पोरीला विचारलं, "काय गं, घाबरलीस का?"

"मी नाही," ती म्हणाली. "आजी घाबरलीय."

खरं तर मी घाबरले नव्हते. घाबरायला मन मोकळं नव्हतं. डबे समोरून सुटत होते तेव्हा मी एकच गोष्ट बघत होते: प्रत्येक डब्यात दोन-दोन माणसं शेजारी बसत होती, खांद्यावरून दांडा खाली येत होता, आणि मग कोणालाही कुठे जाता येत नव्हतं. फोन बाहेरच्या खणात ठेवावे लागत होते. मला त्याच्या शेजारी बसायचं होतं, एवढंच. त्यासाठीच मी आले होते.

आमची पाळी आली. भरतेश आणि थोरली पुढच्या डब्यात, आम्ही दोघं मागच्यात. धाकटी उंचीत बसेना म्हणून पद्मश्रीबरोबर खालीच थांबली. दांडा खांद्यावर आला, टक् करून बसला. मी पदर पुन्हा खोचला. गाडी सुटली आणि साखळीवर चढून खड्‍खड् करत वर जाऊ लागली.

चढ लांब होता. आकाशाकडे तोंड करून आम्ही सावकाश वर निघालो. खालची सनई बारीक झाली. पुढे भरतेशची मुलगी "पप्पा, पप्पा" करत होती. निरंजन एकदम गप्प झाला. मी मान वळवायला गेले, पण त्या दांड्यामुळे मान वळेना. आम्ही दोघंही समोरच बघत होतो.

"आई," तो म्हणाला.

"काय रे?"

"तुला एक सांगायचंय." त्याचा आवाज वेगळाच लागला होता. सकाळपासून जो बोलत होता त्याचा तो आवाज नव्हता. "आल्यापासून सांगायचंय."

"सांग ना."

साखळी खडखडत राहिली. माथा जवळ आला. उसाची शेतं, लांब गुऱ्हाळाचा धूर, नदीची चकाकती रेघ, सगळं एकदम खाली दिसलं.

"आई, केतकी आता नाहीये."

आणि गाडी कोसळली.

ती फेरी कशी झाली ते मला सांगता येणार नाही. भोवतीची माणसं किंचाळत होती आणि मला त्यांचा राग येत होता. पोर गेली, आणि ही माणसं ओरडताहेत. कधी गेली? कशानं? याने एकट्याने सगळं केलं असेल, आणि मी इथे शेवग्याच्या शेंगा घालून आमटी करत होते. गाडी उलटी झाली, सुलटी झाली. मी ओरडले नाही. दांडा घट्ट धरून तिचा चेहरा आठवत राहिले.

गाडी थांबली. निरंजनने दंडाला धरून मला उतरवलं. बाहेर पडायच्या उताराच्या वाटेवर मी त्याची बाही पकडली.

"नाहीये म्हणजे? निरू, नाहीये म्हणजे काय?"

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला काय वाटलं ते त्याला कळलं. "अगं नाही, नाही! तसं नाही. जिवंत आहे. माझ्याबरोबर नाहीये. वेगळे झालो आम्ही. दीड वर्ष झालं."

मी तिथल्या कठड्यावर बसले. जीव भांड्यात पडला म्हणावं, तर पडला आणि पुन्हा निसटला. दीड वर्ष! दर रविवारी आमचा फोन व्हायचा. दर रविवारी मी विचारायची केतकी कशी आहे आणि दर रविवारी तो सांगायचा मजेत आहे.

तेवढ्यात पद्मश्री, मुली, भरतेश सगळे येऊन गराडा घालून उभे राहिले. "मावशी, नाद खुळा!" भरतेश ओरडला. "चेहरा बघा जरा, पांढराफटक पडलाय!" निरंजनने लगेच तो मघाचा चेहरा चढवला, मुलीला उचललं, हसला. माझ्या डोळ्यांदेखत माझा मुलगा पुन्हा बंद झाला. आता आम्ही कणसं खाऊ, पाण्याच्या खेळात जाऊ, गाडीत सगळे गाणी म्हणत घरी येऊ, आणि उद्या हा जाईल.

"मला परत बसायचंय," मी म्हणाले.

"आँ?"

"वावटळीत. परत."

भरतेश हसून हसून वाकला. पद्मश्री म्हणाली, "मावशी, पुरे की. काही झालं म्हणजे?" मुलींना भूक लागली होती. निरंजन मात्र हसला नाही.

"तुम्ही या खाऊन," तो त्यांना म्हणाला. "आम्ही दोघं जाऊन येतो."

रांग आता अजूनच वाढली होती. ऊन उतरलं होतं. आम्ही दोघं मागे जाऊन उभे राहिलो. फोन त्याने स्वतःहून बंद करून खिशात टाकला. रांग सरकली की आम्ही सरकायचो. मग तो समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघत हळूहळू बोलायला लागला.

भांडण असं काही झालं नव्हतं. केतकीला दुसऱ्या गावी चांगली नोकरी मिळाली. सुरुवातीला तो शुक्रवारी विमानाने जायचा, रविवारी यायचा. मग महिन्याने जायचा. "एकदा गेलो, तर तिच्या घरात माझी चहाची कपबशी मला सापडेना," तो म्हणाला. "तिला विचारलं, तर तिलाही आठवेना कुठे ठेवली ते. आम्ही दोघंही ती शोधत बसलो. त्या दिवशी दोघांनाही कळलं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"बाबा गेले होते. तू एकटी. त्यात आणि हे कशाला, म्हटलं."

"आणि तू? तू कोणाबरोबर असतोस?"

"ऑफिस असतं."

"ऑफिसनंतर?"

रांग सरकली. पुढे पाऊल टाकत तो म्हणाला, "तिकडे सहा-सहा महिने बर्फ असतो आई. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो की सोमवार सकाळपर्यंत कधीकधी तोंड उघडावं लागत नाही. मग सोमवारी पहिला शब्द बोलताना आवाज फुटत नाही, घसा खाकरावा लागतो."

"रविवारी माझ्याशी बोलतोस ना?"

"हो. म्हणून रविवारी आधी थोडं मोठ्याने वाचून घेतो. तुला आवाजावरून कळू नये म्हणून."

मी म्हणाले, "परत ये. नोकरी इथेही मिळेल. पुण्यात मिळेल."

"येईन. आत्ता नको. आत्ता आलो तर जो तो विचारेल, केतकी कुठंय." तो जरासा हसला. "दोन आठवडे उत्तरं देऊन दमलो गं मी."

"मग मी येते तिकडे. थोडे दिवस."

"तू तिथे दिवसभर काय करशील? मी ऑफिसला जाणार. बाहेर पाऊल टाकता येत नाही. इथे तुझी भिशी आहे, भजनाचं मंडळ आहे. झोप येत नाही म्हणून तुझ्या दुपारी फोन केला तर तू घरात सापडत नाहीस. तुझं इथे छान चाललंय, ते कशाला सोडतेस?"

पिवळ्या टोपीवाली ती मुलगी आता डब्यांपाशी होती, तिने मला ओळखलं. "आजी, परत?" म्हणाली, आणि या वेळी काही विचारलं नाही. आम्ही पहिल्या डब्यात आलो. समोर कोणी नव्हतं, नुसते रूळ वर चढत गेलेले. दांडा खाली आला. गाडी सुटली, साखळीने तिला धरलं आणि खड्‍खड् सुरू झाली.

मी मनात म्हटलं, आता हा काही उठून जाऊ शकत नाही, आणि मीही नाही.

"निरू, भिशी बंद पडली. दोन वर्षं झाली."

"काय?"

"मंदाताई मुलीकडे बेंगळुरूला गेल्या. वसुधाचे गुडघे गेले, ती जिना उतरत नाही. भजनाचं मंडळ आहे, पण ते गुरुवारी तासभर."

"मग तू दुपारी कुठे जातेस?"

"स्टँडवर."

"कुठल्या गाडीने?"

"गाडीने नाही रे. तिथेच. फलाटावरच्या बाकावर बसते. पाणी-बिणी घेऊन जाते बरोबर."

साखळी खडखडत होती. संध्याकाळचं पिवळं ऊन अगदी डोळ्यांत आलं होतं.

"कशाला?" त्याने विचारलं.

"तिथे माणसं असतात. कोणी विचारतं, मिरजेची गाडी गेली का? मी सांगते, गेली, आता पुढची अमक्या वेळेला. कोणी पिशवी सांभाळायला देऊन तोंड धुवायला जातं. दिवसाकाठी पाच-सहा जणांशी बोलणं होतं. स्टँडवरच्या कंट्रोलरना वाटतं, मी जुनी एस.टी.वाली म्हणून येते. दिवेलागणीला उठते आणि घरी जाते."

माथा आला. गाडी क्षणभर वर अधांतरी थांबल्यासारखी झाली. मला बाजूला बघता येत नव्हतं, पण त्याचा हात चाचपडत आला आणि माझा हात त्याने धरला. तो शाळेत जायला लागल्यापासून त्याने असा माझा हात धरला नव्हता.

गाडी कोसळली तेव्हा मी ओरडले. किती ओरडले! चार वर्षांचं काय ते सगळं ओरडले. शेजारी तोही ओरडत होता. ते आनंदाचं ओरडणं नव्हतं, पण तिथे सगळेच ओरडतात, कोणी लक्ष दिलं नाही. वळणावर माझा अंबाडा सुटला, केस तोंडावर आले. हात आम्ही शेवटपर्यंत सोडला नाही.

खाली भरतेश कणसं घेऊन उभा होता. "काय मावशी, तिसरी फेरी मारायची का?"

"नको," मी म्हणाले. "झालं माझं."

सोमवारी निरंजन गेला. जाताना वाकून नमस्कार केला आणि नेहमीसारखं "काळजी घे" म्हणाला. मीही नेहमीसारखं "पोचलास की कळव" म्हणाले. उंबऱ्यापाशी माणसं जे बोलतात त्यापलीकडे आम्हाला तेव्हाही काही सुचलं नाही. जाण्याआधी त्याने आपला जुना लॅपटॉप माझ्या टेबलावर लावून दिला होता आणि कुठलं बटण दाबायचं ते दोनदा दाखवलं होतं.

पुढच्या रविवारी मी बटण दाबलं. पडद्यावर तो दिसला. माझी संध्याकाळ होती, त्याची सकाळ. केस विस्कटलेले, दाढी वाढलेली. मोठ्याने काही वाचून आलेला दिसत नव्हता. पहिला शब्द बोलताना घोगरा आवाज निघाला, मग खाकरला.

"आई, थांब. तुला घर दाखवतो," तो म्हणाला.

त्याने लॅपटॉप उचलला आणि हळूहळू फिरवला. मोठी खोली. खोलीत एक गादी जमिनीवरच, तिच्यावर चुरगळलेली चादर. एक खुर्ची. खिडकीबाहेर पांढरं, नुसतं पांढरं. भिंतीवर दोन खिळे, ज्यांवर आधी काहीतरी होतं. स्वयंपाकघरात ओट्यावर एक ताटली, एक पेला, एक चमचा. तो नुसता दाखवत होता. दाखवून झाल्यावर पुन्हा समोर बसला.

मग मीही तो जड लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला. वायर पुरेल तिथपर्यंत घेऊन गेले. ह्यांची खाट दाखवली, तिच्यावर मी आता वाळलेले कपडे टाकते. बैठकीतल्या तीन खुर्च्या दाखवल्या, एकीवर मी बसते, दोनवर वर्तमानपत्रं साठतात. स्वयंपाकघरात गॅसवर छोटं पातेलं होतं. झाकण काढून त्याला वाटीभर भात दाखवला.

"एवढाच?" त्याने विचारलं.

"एवढाच लागतो."

तो बघत राहिला. मग उठून गेला. पडद्यावर बराच वेळ रिकामी खुर्ची होती. मला वाटलं डोळे पुसायला गेला असेल. पण परत आला तेव्हा हातात ताटली होती, तिच्यात पाव आणि अंडं.

"वाढून घे ना तू पण," तो म्हणाला.

मी भात वाढून घेतला, वर थोडं मेतकूट घातलं. ताट टेबलावर ठेवलं आणि त्याच्यासमोर बसले. तो आपला पाव चावत होता, मी भात कालवत होते.